बंदुकीची तीन कोटेशनं

७ नोव्हेंबर २०१४, शुक्रवार. निझवा, ओमान

ही डायरी पंपाच्या एका कंपनीने दुकानाला भेट दिली होती. दर पानाखाली सबमर्सिबल पंपाचं चित्र आहे. जानेवारीपासूनची सगळी पानं कोरी ठेवून मी नोव्हेंबरात लिहायला बसलोय, यावरून माझा कामाचा उरक कळावा.

लिहायचं कारण एवढंच की मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घ्यायचं ठरवलंय, आणि हे तोंडाने कुणाला सांगितलं तर लोक हसतील.

सकाळी गावी फोन लावला. प्रभावती, माझी बायको, नेहमी आधी माझं जेवण विचारते. आज तिने थेट वांदरांपासून सुरुवात केली. गुहागरात आमचं घर आणि आगर आहे, त्यात बावीस वांदरांचा कळप शिरलाय. पपई गेली, चिकू गेले, पावट्याच्या शेंगा ओरबाडल्या, मागच्या पडवीची कौलं फोडली.

"हुसकायला गेलं तर बसून बघतात माझ्याकडं," ती म्हणाली. "बाईमाणसाला भीत नायत मेले. पुरुष दिसला की पळतात. कल्पनाचा नवरा नुसता खाकरला तरी झाड रिकामं."

"मग कल्पनाच्या नवऱ्याला बोलवत जा," मी तोडगा काढला. कल्पना म्हणजे आमची शेजारीण.

 ती म्हणाली, "रोज कोन येनार?"

"मी बंदूक आणतो," मी म्हटलं. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"बंदूक ऱ्हाऊ दे. तुमी कवा येताव ते सांगा."

तेच तर. व्हिसा दहा फेब्रुवारीला संपतो. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, खल्फान म्हणतो, अजून दोन वर्षं थांब. गेल्या चार वेळा मी 'हे शेवटचं' म्हणत सही केलीय. आधी घर बांधायचं होतं, मग मुलीचं, सोनलचं, शिक्षण, मग तिचं लग्न, मग बोअरवेल. एकवीस वर्षं झाली आणि आता खरं सांगायचं तर कारणं संपलीत. म्हणून ठरवून टाकलं, बंदूक मिळाली की राजीनामा. रिकाम्या हाताने जाऊन मी तिथे करणार काय?

१० नोव्हेंबर, सोमवार

पंप आणि पाइपांच्या दुकानात मी स्टोअरकीपर आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी साधा वॉशर घेत नाही. एकदा प्रभावतीला साडी घ्यायची होती, तेव्हाही तीन दुकानं फिरून आलो. ठरेपर्यंत लग्नाचा वाढदिवस होऊन गेला होता.

बंदुकीचा तक्ता केला. छऱ्याचीच घ्यायची, खऱ्या काडतुसाची आपल्याला परवडणारही नाही आणि झेपणारही नाही. एक, मस्कतच्या दुकानातली चिनी, नवीकोरी, सगळ्यात स्वस्त. दोन, तुर्की, लाकडी दस्त्याची, मध्यम. तीन, जवळच्या बहला गावातल्या कुणाकडची जुनी जर्मन, खल्फानच्या ओळखीतली. मग रकाने पाडले: वजन, पल्ला, दस्ता, स्प्रिंग. शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याचा अनुभव. तिथे प्रामाणिकपणे लिहिलं, जत्रेतले फुगे, पाचातला एक फुटला, तोही शेजारच्या माणसाच्या वाट्याचा.

समोर अहमदभाईचं किराणा दुकान आहे. तो दाभोळचा, म्हणजे खाडीपलीकडचा गाववालाच. त्याला तक्ता दाखवला.

"तुला डास मारता येत नाय," तो म्हणाला. "आनि वांदरावर नेम धरनार? शनवारी मारुतीचा उपास करतोस ना तू?"

"नेम नाही धरणार. हवेत मारणार. नुसतं घाबरवायला."

"हवेत मारायला बंदूक कशाला? लवंगी माळ लाव."

हे चौथं कोटेशन मी तक्त्यात धरलं नाही.

रात्रीच्या फोनवर प्रभावती म्हणाली, छऱ्याची बंदूक चिपळूणला मिळते, कल्पनाच्या भावाने घेतलीय. मी विषय बदलला. एकवीस वर्षं गल्फमध्ये काढून माणसाने चिपळूणला बंदूक घ्यायची, तर मग गल्फ कशाला?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खल्फानने स्वतःची छऱ्याची बंदूक पिकअपमध्ये टाकली आणि मला गावाबाहेरच्या वाडीत घेऊन गेला. वाडी म्हणजे इथली कोरडी नदी, दगडगोटे आणि चार बाभळी. त्याने लबनचे, म्हणजे ताकाचे, रिकामे डबे दगडावर मांडले, चटई पसरली, खजूर आणि काह्व्याचा, म्हणजे इथल्या बिनदुधाच्या कॉफीचा, थर्मास काढला. या लोकांची एक गोष्ट मला फार आवडते, कुठलंही काम असो, आधी काह्वा.

"यल्ला, इकनात, मारो." एकनाथचा त्याने पहिल्या दिवसापासून इकनात केलाय.

बंदूक मधोमध दुमडून स्प्रिंग दाबायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. ती दाबताना कंबरेत कळ आली. पहिला छर्रा कुठे गेला ते कळलं नाही. दुसराही. पाचवा थर्मासला लागला.

थर्मासकडे आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो. काह्वा चटईवर पसरत होता. खल्फान म्हणाला, "माफी मुश्किल," म्हणजे हरकत नाही, आणि मग इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले.

पण खरी निराशा नेमाची नव्हती. आवाजाची होती. मी धडाम् अशी तयारी ठेवून डोळे मिटले होते आणि बंदूक नुसती फुसकली. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसं.

"ये आवाज से तो बकरी भी नहीं उठता," खल्फान म्हणाला. "तुम को मारना है, तो सस्ता बंदूक सीधा नहीं मारता. तुम को सिर्फ डराना है, तो इस का आवाज नहीं. फिर काय को लेना?"

माणूस तिसरीपलीकडे शिकलेला नाही, पण माझ्या तक्त्यात न बसलेलं त्याने दोन वाक्यांत बसवलं. मी म्हटलं, तुर्कीचा आवाज कदाचित मोठा असेल. चौकशी करतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, असा प्रश्न आहे. लिहितो. ही डायरी वाचणार कोण?

निझव्याच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा लिलाव असतो. मधे गोल कट्टा, दोन्ही बाजूंना लोक बसलेले, मालक बकरीची दोरी धरून गोल फिरतो आणि बसलेले भाव ओरडतात. बाजूला झाडाखाली म्हातारे जुन्या बंदुका घेऊन बसतात. आवाजाचा प्रश्न सुटत नव्हता, म्हणून म्हटलं खरी बंदूक निदान बघून तरी येऊ. अहमदभाई गंमत बघायला बरोबर आला.

एका म्हाताऱ्याकडे लांब नळीची, चांदीच्या पट्ट्या मारलेली बंदूक होती. मी खुणेने विचारलं, वजन बघू का? त्याने मोठ्या मनाने दिली. खांद्याला लावली तर काय सांगू, पोट आपोआप आत गेलं.

"थांब, फोटो काढतो," अहमदभाई म्हणाला. "ऊन येतंय. जरा पुढं हो. आनखी पुढं."

पुढं होता होता मी गोलातून चालायला लागलो. इथली रीत मला काय माहीत! बंदूक खांद्याला लावून जो गोल फिरतो तो ती विकायला आलेला असतो. एकजण ओरडला, "मिया!" मिया म्हणजे शंभर. मला वाटलं तो मला किंमत सांगतोय, मी अदबीने मान डोलावली. पुढचा म्हणाला, "मिया व खमसीन," दीडशे. त्यालाही डोलावली. महाग आहे, असं मनात म्हटलं. असं करत अर्धी फेरी झाली आणि एका पांढऱ्या दाढीवाल्याने उठून माझा हात घट्ट धरून हलवला. सौदा झाला.

मागून तो म्हातारा काठी घेऊन धावत आला. बंदूक त्याच्या आजोबांची. विकायला नाही, चाप दुरुस्त करायला आणलेली. दाढीवाला म्हणे, हात दिला म्हणजे दिला. अहमदभाई हसून हसून खाली बसलेला, त्याचा काडीचा उपयोग नाही. शेवटी खल्फानला फोन करून बोलावलं. त्याने दोघांना काह्वा पाजला, मी मिस्कीन आहे, बिचारा आहे, डोक्याने जरा साधा आहे, असं सांगितलं आणि सोडवलं. सोडवून झाल्यावर मला म्हणाला, परदेशी माणसाला असल्या बंदुकीचं लायसन्स मिळतच नाही. हे त्याने आधी सांगितलं असतं तर? पण मग मीही आधी विचारायला हवं होतं.

एकवीस वर्षांत इतक्या झटपट मी दुकानातला एक पाइप विकलेला नाही.

फोटो मात्र छान आला. प्रभावतीला पाठवला. तिचं उत्तर आलं: डोळे मिटलेत.

१६ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस घरचा फोन कुणी उचलला नाही. आज दुपारी कल्पनाने उचलला. "काकू झोपल्यात," म्हणाली. प्रभावती दुपारची कधी झोपत नाही. बरं वाटलं, म्हटलं, चला, जिवाला जरा आराम देते.

संध्याकाळी बोलली. आवाज थकलेला होता. "काय नाय वो, वांदरांमागं धावताना दगडी गडग्यावरनं पाय घसरला. खरचटलंय थोडं."

"जपून," मी म्हटलं. मग तिला तुर्की बंदुकीबद्दल सविस्तर सांगितलं. दस्ता अक्रोडाचा आहे, आवाज जरा बरा आहे, दुकानदार सूट देतोय. ती मधे एकदाही बोलली नाही, नुसती हूं हूं करत होती. एवढं लक्ष देऊन तिने माझं कधी ऐकलं नव्हतं.

२२ डिसेंबर, सोमवार

प्रभावतीने विचारलं, कपाटातले माझे जुने शर्ट वापरू का?

"बुजगावण्याला ना? घे की," मी म्हटलं. "फक्त सोनलच्या लग्नातला नको. तो निळा घे. बाह्या फार रुंद शिवल्या होत्या त्या टेलरने."

"रुंदच पायजे," ती म्हणाली.

बुजगावण्याच्या बाह्या रुंद कशाला लागतात, कुणास ठाऊक. असेल काही तिचं.

२८ डिसेंबर, रविवार

आज ती फोनवर खोकला येईपर्यंत हसत होती. परवा सकाळी माझा निळा शर्ट घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती मागच्या दारी गेली, तर वांदरांनी बघितलं आणि अख्खा कळप उठला. मोठा हुप्या तर नारळाचं कोवळं फळ हातातलं टाकून पळाला.

"तुमीच आलाव समजले ते," ती म्हणाली. "दोन दीस फिरकले नायत."

"म्हणजे शर्ट बुजगावण्याला नाही? तू घातलास?"

"थंडी हाय."

गुहागरात थंडी. असेल, यंदा हवा बदललीय म्हणतात.

मी हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर मन लागेना. दीड महिना बंदूक शोधतोय, थर्मास फोडला, भर बाजारात दुसऱ्याचा माल विकला, आणि तिकडे माझ्या जुन्या शर्टाने काम फत्ते केलं. शर्टाला जो मान आहे तो मला असेल की नाही, शंका आहे. तुर्कीवाल्याला फोन करून सूट वाढवायला सांगितली.

४ जानेवारी २०१५, रविवार

सोनल डोंबिवलीहून गावी आलीय. 'सहज' म्हणे, पंधरा दिवसांसाठी. नोकरी करणारी पोरगी पंधरा दिवस सहज येते?  जावयाशी भांडण झालं असणार. आडून आडून जावयाला, जितेशला, फोन केला.

"पप्पा, मीच पाठवलंय तिला," तो म्हणाला. "आईंना मदत होईल."

"कसली मदत?"

तो अडखळला. "वांदरांची," म्हणाला.

नक्कीच भांडण आहे. माझ्यापासून लपवतायत. सोनलला पत्र लिहायला हवं, संसारात दोन पावलं मागे घ्यावी लागतात वगैरे.

तिने आईचा फोटो पाठवलाय. निळा शर्ट, उजवी बाही पार बोटांच्या टोकापर्यंत आलेली, डाव्या हातात काठी बंदुकीसारखी धरलेली. छान दिसते. मी कळवलं की बंदूक उजव्या हाताने धरतात.

उत्तर आलं: बरं.

९ जानेवारी, शुक्रवार

काल खल्फानने व्हिसाचा कागद पुढे ठेवला. मी म्हटलं, बंदुकीचं ठरलं की सांगतो. तो म्हणाला, "इकनात, तुम बंदूक को देखता, या घर जाने को देखता?"

मी म्हटलं, तुर्कीचं कोटेशन सुधारून येणार आहे.

आज सुट्टी, खोलीवर एकटा आहे, म्हणून जरा खरं लिहितो. मला जायची भीती वाटते. सुट्टीवर महिनाभर जातो तेव्हा मी त्या घरात पाहुणा असतो. मला चांगलं ताट, मला पंख्याखालची जागा. मीठ कुठल्या डब्यात असतं ते मला माहीत नाही. बोअरवेलचा पंप मी इथून पाठवला, पण तो चालू कसा करायचा ते कल्पनाच्या नवऱ्याला ठाऊक आहे. महिन्याच्या शेवटी शेवटी प्रभावती विचारते, तिकीट कवाचं हाय, आणि मला कळत नाही की तिला वाईट वाटतंय की सुटल्यासारखं वाटतंय. बंदूक असली की निदान एक काम माझं असेल. सकाळी उठून मी बंदूक पुशीन. लोक म्हणतील, एकनाथ आलाय, त्याच्याकडे बंदूक आहे.

हे लिहिल्यावर फारच केविलवाणं दिसतंय.

१६ जानेवारी, शुक्रवार

अहमदभाईकडे जेवायला होतो. त्याच्या बायकोने, नसीबाभाभीने, बांगड्याचं सालन आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मी दुसरी भाकरी मोडत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊ, भाभीचं पलास्टर कवा निघनार?"

मी विचारलं, कसलं प्लास्टर?

अहमदभाईने तिच्याकडे बघितलं. तिने तोंडावर पदर धरला. मग सगळं निघालं. नसीबाभाभीच्या बहिणीने महिन्यापूर्वी प्रभावतीला चिपळूणच्या दवाखान्यात बघितलं होतं. उजवा हात कोपराजवळ मोडलेला. हाड बसवायला दोन दिवस ठेवून घेतलं होतं. नसीबाभाभीला वाटलं, नवऱ्याला माहीत असणारच.

 बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसलो आणि फोन लावला.

"प्लास्टर घातलंय तुला?"

 "कोनी सांगलान?"

मी ओरडलो. फोनवर एवढा मी कधी ओरडलो नाही. मी नवरा आहे की कोण आहे, सगळ्या तालुक्याला माहीत आणि मला नाही. तिने मला ओरडू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "सांगलं असतं तर तुमी धावत आला असता."

"आलोच असतो!"

"आनि मंग जल्मभर बोलला असता, तुझ्या हातापायी नोकरी सोडली. मना ता नको हुतं."

मी म्हटलं, उद्याच निघतो.

"हातासाठी यायचं असंल तर नका येऊ," ती म्हणाली. "हात काय, दोन-तीन महिन्यांत बरा व्हईल. मंग काय करनार तुमी हितं?"

१७ जानेवारी, शनिवार

मागची पानं वाचून काढली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. काकू झोपल्यात, रुंदच पायजे, थंडी हाय. ब्लाऊज प्लास्टरवरून चढेना म्हणून तिने माझा शर्ट घातला, आणि मी तिला बंदूक कुठल्या हाताने धरतात ते शिकवत होतो. सोनलला संसाराचा उपदेश करणारं पत्र पोस्टात टाकलेलं आहे. ते आता परत आणता येत नाही.

ती प्लास्टर घालून निजलेली असताना मी तिला अक्रोडाच्या दस्त्याबद्दल दहा मिनिटं सांगितलं. याची मला फार लाज वाटते.

उपास होता, पण उपासामुळे नव्हे, आज दिवसभर काही खाल्लंच गेलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

तीन दिवस कारण शोधत होतो. हातासाठी नाही म्हणाली, मग कशासाठी जायचं? बागेसाठी म्हणावं तर बाग तिने वाढवलीय. वांदरांसाठी म्हणावं तर त्यांना शर्ट पुरतो. तीन कारणं कागदावर मांडली आणि तिन्ही खोटी वाटली.

मग कागद टाकून दिला आणि फोन केला.

"मी येतोय. हातासाठी नाही."

"मंग?"

"मला तिथे राहायचंय. तिथे माझं काही काम नसेल तरी. इथे रोज एकटं जेवून कंटाळलोय मी, प्रभा. एकवीस वर्षं झाली."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर तिला प्रभा म्हटलं नव्हतं. 

"तिकीट काढलाव काय?" तिने विचारलं.

खल्फानला सांगितलं. त्याने विचारलं, "और बंदूक?" मी म्हटलं, नको. "ज़ेन," तो म्हणाला, चांगलं. मग बराच वेळ पाइपांच्या रॅककडे बघत बसला. एकवीस वर्षांत त्याने मला एकदाही साहेबासारखं वागवलं नाही आणि नोकरासारखंही नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी गोडाउनमध्ये जाऊन वॉशर मोजले.

९ फेब्रुवारी, सोमवार

उद्या विमान. बॅग भरायला अहमदभाई आला होता. हलवा, खजूर, टॉर्च, चार चादरी. भरता भरता तो एकदम थांबला.

"एकनाथ, एक इचारू? ती बंदूक घेतली असतीस तर विमानातनं नेनार कशी हुतास?"

मी त्याच्याकडे बघितलं. तीन महिने. तीन कोटेशनं, वजन, पल्ला, दस्ता, स्प्रिंग. तो रकाना पाडलाच नव्हता.

"तुला आधी सुचलं नाही?" मी विचारलं.

"मना पयल्या दिवशी सुचलं. पन तू जातोस कुठं, म्हनून नाय इचारलं."

१५ फेब्रुवारी, रविवार. गुहागर

येऊन चार दिवस झाले. मीठ खिडकीखालच्या बरणीत असतं.

वांदरं काल आली. मी ताबडतोब मागच्या दारी गेलो, छाती पुढे काढून खाकरलो. बावीसच्या बावीस वांदरांनी मान वळवून मला बघितलं आणि परत पावटा खायला लागली. हुप्याने दात दाखवले. मी शक्य तितक्या सावकाश मागे सरकून दार लावून घेतलं. प्रभावती चुलीपाशी हसून वाकडी झाली. "हाफ पँट बघितल्यानी," म्हणाली. "त्यांना वाटलं, कुनाचं तरी पोर हाय."

प्लास्टर निघालंय, पण कोपर अजून आखडलेलं आहे. हात डोक्यामागे जात नाही. दोन महिने तिची वेणी कधी सोनल घालत होती, कधी कल्पना. सोनल गेली, कल्पना कालपासून माहेरी. आज सकाळी न्हाऊन ती पडवीच्या पायरीवर बसली, डाव्या हातात फणी. बराच वेळ तशीच बसून राहिली. मला सांगेना. मग मीच जाऊन मागे बसलो आणि फणी घेतली.

तीन पेड करायचे एवढं मला माहीत होतं. कुठला कुठल्यावरून जातो ते कळेना. केस पिकलेत बरेच. मी शेवटचे हातात घेतले होते तेव्हा एकही पांढरा नव्हता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारलं मीही नव्हतं.

"घट्ट घाला," ती म्हणाली.

दोनदा चुकली. तिसऱ्यांदा अर्ध्यावर आली आणि मागच्या बाजूला धप्प धप्प उड्या पडल्या. एक कौल घरंगळून फुटलं. मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "सोडलात तर परत पयल्यापासनं."

"अगं, पावटा संपवतील."

"संपवू द्या."

मी बसलो. वेणी पुरी झाली तेव्हा मागे वेलावर शेंग राहिली नव्हती. तिने डावा हात मागे नेऊन चाचपून बघितलं. "वाकडी हाय," म्हणाली. मी म्हटलं, सोडतो, परत घालतो. तिने नको म्हणून मान हलवली.

संध्याकाळी ती तशाच वेणीने खालच्या आळीत जाऊन आली. मी पडवीतून ऐकत होतो. कुणीही विचारलेलं नसताना ती प्रत्येक दारात उभी राहून सांगत होती, "ह्यांनी घातली."